कलम कुणासाठी लावायचं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांचा फोन आला. जेवलीस का, पुण्यात पाऊस आहे का, या दोन प्रश्नांत संपणारा नेहमीचा फोन नव्हता तो.

"काय गो, सहा खड्डे रिकामे आसत. कलमां लावची काय नाय?"

मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी होते. आधी वाटलं, चुकून मला विचारतायत. आमच्या बागेतली कुठलीही गोष्ट बाबांनी आजवर मला विचारून केलेली नाही. फवारणी कधी, आंबा कुठल्या दलालाला, कुठली फांदी मारायची, यात माझं मत शून्य. पण त्यांचं पुढचं वाक्य ऐकलं आणि प्रश्न माझ्याकडे का आला ते कळलं.

"माका ह्येचो आंबो किती वरसां गावतलो? तूच सांग."

बाबा पासष्टचे आहेत. हापूसच्या कलमाला पाच-सहा वर्षांनी आंबा दिसतो, पण खर्च वजा जाऊन हातात काही उरायला दहा-बारा वर्षं जावी लागतात. पुढे ते झाड पन्नास-साठ वर्षं सहज उभं राहतं. म्हणजे यंदा लावलेल्या कलमाची भरातली वर्षं येतील तेव्हा मी साठीकडे झुकलेली असेन, आणि झाड म्हातारं होईल तेव्हा आम्ही दोघंही नसू. असा निर्णय आजवर कोकणात फारसा विचार न करता घेतला जात होता. आजोबांनी लावायचं, नातवंडांनी खायचं. त्यात एक गृहीत होतं आणि ते इतकं पक्कं होतं की कुणी ते बोलूनही दाखवलं नाही: नातवंडांच्या वेळीही डिसेंबरात थंडी पडेल.

आता ते गृहीत गेलंय. म्हणून बाबांचा प्रश्न शेतीचा राहिलेला नाही, निदान फक्त शेतीचा नाही. ज्या काळाचं हवामान आपल्याला माहीत नाही, त्या काळात राहणाऱ्या माणसाच्या वतीने आज झाड लावायचा, किंवा न लावायचा, अधिकार मला कुणी दिला?

*

ज्यांना हापूस फक्त पेटीतून भेटतो त्यांच्यासाठी थोडं सांगते.

हापूसचं वर्ष हे हवामानाशी केलेलं फार नाजूक वेळापत्रक आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस गेला पाहिजे. मग ऑक्टोबर हीट, जमीन सुकते, झाडाला ताण बसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार झाल्या की तो ताण मोहोर होऊन बाहेर पडतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला तर झाड ताण विसरतं आणि मोहोराऐवजी पालवी फेकतं. पालवी दिसायला सुंदर, पण त्या फांदीचा आंबा लांबला. मोहोर आल्यावर ढगाळ हवा आली की तुडतुडे, फुलकिडे, भुरी, करपा. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी जास्त दिवस टिकली तर आणखी एक गंमत होते: ज्या फांदीवर वाटाण्याएवढी फळं आहेत तिथेच नवा मोहोर येतो आणि आधीची फळं गळून पडतात. त्याला पुनर्मोहोर म्हणतात. मार्चमध्ये पारा अचानक चढला की पुन्हा फळगळ, फळावर भाजल्याचे डाग. आणि साका. बाहेरून देखणा आंबा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा. हापूस घेणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी साक्याला शिव्या घातलेल्या आहेत.

एवढ्या सगळ्यातून निसटलेला आंबा मे महिन्यात पाडाला येतो. १५-१६ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याच्या कडेने गेलं तेव्हा आमचा निम्मा आंबा झाडावर होता. आंबा गेला ते एक, पण चार कलमं मुळासकट आडवी झाली. दोन नंतर भिरुडाने खाल्ली. तेच हे सहा खड्डे. २०२५ साली तर मान्सून २६ मेलाच मुंबईत पोहोचला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत लवकरचा. आमच्याकडे तो त्याच्याही आधी होता. उशिराच्या मोहोराचा आंबा झाडाखाली कुजला.

यातलं प्रत्येक वर्ष सुटं घेतलं तर "यंदा जरा वाईट गेलं" म्हणता येतं. बाबा तसंच म्हणतात. पुण्यातल्याच आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिलं की या शतकात अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढली आहेत आणि जास्त तीव्रही झाली आहेत. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणतात, ते कळायला शास्त्रज्ञ कशाला पाहिजेत.

*

आमची बाग १९९१ सालची. त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली होती. लागवडीचा खर्च सरकारचा, जमीन शेतकऱ्याची. आजच्या कोकणातली आंबा-काजूची बरीचशी हिरवाई त्या एका योजनेची आहे. आजोबांकडे भातखाचरं होती थोडी आणि वर कातळाचा सडा होता बराच. सड्यावर पावसाळ्यात गवत आणि चार महिन्यांची रानफुलं, एरवी काळा खडक, गावची गुरं चरायची. तिथे सुरुंग लावून खड्डे केले, खालून डोक्यावरून माती आणली, कलमं लावली. पाणी घालायला माझी आत्या आणि आई विहिरीवरून हंडे घेऊन चढायच्या. आई अजून तो चढ दाखवते.

(सड्यावरच्या कातळशिल्पांचा तेव्हा कुणाला पत्ताच नव्हता. २०२२मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्याची बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की आमच्या एखाद्या खड्ड्यात हजारो वर्षांपूर्वीचा मासा किंवा हत्ती उडालेला असेल. आता कळायचा मार्ग नाही.)

त्या योजनेने आमचं भलं केलं. मी इंजिनिअर झाले ती आंब्याच्या पैशावर. तरीही आज तिच्याकडे बघताना जाणवतं की ते पाऊस सोडून बाकी सगळ्याचं नियोजन होतं. खड्ड्याचं माप ठरलेलं, दोन झाडांतलं अंतर दहा मीटर ठरलेलं, अनुदानाचे हप्ते ठरलेले. हवामान हे रंगमंचाच्या मागचा पडदा होतं, तो हलत नसतो.

मग आजोबांचं चुकलं का?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच चर्चेत, एकाच नावाखाली एक अडचण मांडली: नैतिक नशीब. आपण म्हणतो माणसाला दोष द्यायचा तर त्याच्या हातात जे होतं त्याचाच द्यावा. प्रत्यक्षात आपण परिणाम बघून निवाडा करतो, आणि परिणाम पुष्कळदा नशिबाचा भाग असतो. आमच्या वाडीतच बघा. आजोबांनी आणि शेजारच्या आजोबांनी एकाच पावसात, एकाच नर्सरीची कलमं लावली. शेजाऱ्यांची बाग डोंगराच्या पोटात, वाऱ्याच्या आडोशाला आहे. तौक्तेत त्यांचं एकही झाड गेलं नाही. आज गावात ते "दूरदृष्टीचे" आणि आमचे आजोबा "उघड्यावर बाग केली ती चूकच" म्हणून ओळखले जातात. दोघांपैकी कुणालाही १९९१ साली चक्रीवादळ डोळ्यांसमोर नव्हतं.

आजोबांना मी निर्दोष सोडते. त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचा मार्गही नव्हता. पण हीच सूट मी स्वतःला देऊ शकत नाही, खरी गोची इथे आहे. माझ्या फोनमध्ये हवामान खात्याचं ॲप आहे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने साधारण १.१ अंशाने तापलेली होती, हे मी वाचलंय. उद्या माझ्या भाचीने विचारलं, "तुला ठाऊक होतं ना?" तर मला हो म्हणावं लागेल.

पण काय ठाऊक होतं? सरासरी वाढेल, टोकाचा पाऊस वाढेल, समुद्र तापेल. २०४५च्या डिसेंबरात आमच्या सड्यावर रात्रीचा पारा पंधरा-सोळापर्यंत उतरेल की नाही, हे कुणीही सांगू शकत नाही. म्हणजे माझं ज्ञान अज्ञानाची सबब काढून घेण्याइतकं आहे, पण निर्णय सोपा करण्याइतकं नाही. आजोबांच्या आणि माझ्या भाचीच्या मधल्या पिढीची ही अवस्था आहे. आपली, म्हणजे तुमचीही. झाड लावत नसलात तरी समुद्राजवळ फ्लॅट घेताना, मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवताना तुम्ही याच जागी उभे असता.

*

सरकारी भाषेत याला अनुकूलन म्हणतात. साध्या मराठीत जुळवून घेणं. मला हा शब्द आधीपासूनच थोडा खुपतो. जुळवून घे, हे आपल्याकडे नेहमी कमी ताकदीच्या माणसाला सांगितलं जातं. सुनेला सांगतात, सासूला नाही.

इथेही तेच आहे. आमच्या एकशेदहा कलमांनी आणि एका स्कूटरने वातावरणात असा किती कार्बन सोडला? ज्यांनी सोडला त्यांनी जुळवून घ्यायचं नाही, त्यांच्यासाठी "नेट झिरो"च्या तारखा आहेत, २०५०, २०७०. तारीख त्यांना, खड्डे आम्हाला. हा अन्याय आहे हे मान्य करून मी पुढे जाते, कारण अन्याय आहे म्हणून खड्ड्याचा निर्णय टळत नाही. जून संपला की लागवडीचा एक हंगाम गेला.

पण नियोजन करणाऱ्यांच्या तक्त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे बघितलंच पाहिजे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात नारळ-पोफळीच्या वाड्या झोपल्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे सुपारीतला हापूस. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपयांवर नेली, आणि सरकारच्या मोजपट्टीने ती मोठीच वाढ होती. आता गंमत बघा. त्या वाड्या हेक्टरात नसतातच. पाच गुंठे, दहा गुंठे. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला ५००. गुंठ्यात दहाएक पोफळी धरा, एका पोफळीला पन्नास रुपये. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. लोक ओरडले की झाडं मोजा, जमीन मोजू नका. त्यांचं म्हणणं पैशापुरतं नव्हतं, असं मला वाटतं. हेक्टर हे एकक जमिनीकडे वरून बघणाऱ्याचं आहे. झाडाला लावलेल्या वर्षांचं एकक कुठल्याच तक्त्यात नाही.

विम्याचं बघा. आंबा-काजूला हवामानावर आधारित पीक विमा आहे. आंबा किती गेला हे कुणी बघायला येत नाही, मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस, तापमान, वारा यांनी ठरलेली रेषा ओलांडली तर पैसे. कल्पना वाईट नाही, पंचनाम्याची कटकट वाचते. पण केंद्र खाली रस्त्याला, बाग वर सड्यावर. केंद्राला जे जाणवलं नाही ते घडलंच नाही. शिवाय अर्ज भरायला सातबारा लागतो, आणि आमच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांच्या पिढीची नावं आहेत, मुंबई, बडोदा आणि मस्कतमधले मिळून अकरा वारस. सामाईक खात्याला बाकीच्यांची संमती लागते. अनुकूलनाची प्रत्येक योजना, मग ते शेततळं असो की ठिबक, एक मालक गृहीत धरते. कोकणात एक मालक हा दुर्मीळ प्राणी आहे.

आणि हो, जागतिक बँकेच्या मदतीने राज्यात हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा मोठा प्रकल्प २०१८ साली सुरू झाला, पोकरा. त्याच्या पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातली गावं होती. दुष्काळाचा प्रश्न आधी, हे मला पटतं. कोकणात पाऊस पडतो ना भरपूर, हे मात्र पटत नाही.

*

तर पर्याय काय? मी बाबांना म्हटलं, चार दिवस द्या. एक्सेल शीट उघडली, सवयीने.

पुन्हा हापूस. हापूस नको, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रत्ना. काजू. झाडंच नकोत, बांबू. किंवा विकून टाका: सड्याला भाव आहे, दर महिन्याला एक तरी एजंट बाबांना भेटून जातो. जमीन विकून बाहेर पडणं हेसुद्धा जुळवून घेणंच आहे, त्याला नाकं मुरडायचं कारण नाही. पण ज्या दराने आम्ही बाहेर पडू त्या दराने पुन्हा आत येता येणार नाही, आणि भाचीला तर नाहीच. म्हणून तो पर्याय मी खोडला. बाबांनी तो कधी लिहिलाच नव्हता.

शीटमध्ये खर्च, उत्पन्न, जोखीम असे कॉलम होते. दुसऱ्या दिवशी मी आणखी एक कॉलम घातला: "फसलं तर कोण भरेल?" त्या कॉलमने सगळं उलटंपालटं केलं.

उदाहरण द्यायचं तर हापूसच लावायचा आणि हवामानाशी फवारणीने लढायचं. बहुतेक बागायतदार तेच करतायत. विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आहे, ढगाळ वर्षी त्याच्यावर आणखी चार हात मारले जातात. एका वर्षाआड धरणारं झाड दरवर्षी धरावं म्हणून मुळाशी कल्टार. हे माझ्या शीटमध्ये "औषधं" या ओळीत एक आकडा म्हणून बसलं होतं. नव्या कॉलममध्ये विचारलं, भरणार कोण? उत्तर आलं, आमच्याकडे ऑक्टोबरात येणारं नेपाळी जोडपं.

कोकणातल्या बागा आता मोठ्या प्रमाणात नेपाळी कामगारांच्या जिवावर उभ्या आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? मोहोराच्या आधी येतात, आंबा संपला की पावसाच्या तोंडावर परत जातात. राखण, फवारणी, काढणी. पत्र्याच्या खोपीत राहतात. मार्चमध्ये सड्यावर दुपारी काय उष्मा असतो ते मी जाणते, कारण मी तिथे दहा मिनिटांच्या वर थांबत नाही. फवारणी एकदा वाढली की विषारी तुषार कुणाच्या छातीत जातात? हंगाम लांबला की त्या पत्र्याखाली मे महिना कोण काढतं? आमच्या बागेचं अनुकूलन आम्ही त्यांच्या शरीरात करतोय. ते बिचारे स्वतःच्या गावातून इकडे का येतात हाही कदाचित याच गोष्टीचा दुसरा भाग असेल. मी त्यांना कधी विचारलेलं नाही. यात मी कुणा दुसऱ्याला नावं ठेवत नाहीये, ही आमचीच खोप आहे.

आयपीसीसीच्या २०२२च्या अहवालात अशा गोष्टीला शब्द आहे, मॅलॲडॅप्टेशन. जुळवून घेण्याच्या नावाखाली धोका कमी न होता दुसऱ्याच्या अंगावर किंवा पुढच्या काळावर ढकलला जाणं. सड्यावर प्रत्येकाने बोअर मारली तर खालच्या वाडीची विहीर मार्चमध्येच तळ दाखवेल, तसं. माझ्या मते हा अपघाताने होणारा दोष नाही. फसलं तर कोण भरेल हे विचारायचं नाही असं ठरवलं की नियोजन आपोआप तिकडे घरंगळतं, कारण ज्याच्यावर ढकलायचं तो बैठकीत नसतो. नेपाळी बाई बैठकीत नसते. न जन्मलेली माणसं तर नसतातच.

*

मग रत्ना का नको? नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या केंद्रात तयार झालेली ही जात १९८१ची. दरवर्षी धरते, साका होत नाही. म्हणजे आज ज्याची गरज आहे ते बरंचसं उत्तर माझ्या जन्माच्या आधीच तयार होतं. तरी तुम्ही रत्ना नावाची पेटी मागवली आहे का कधी? मीही नाही. पुण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एप्रिलमध्ये विचारतात ते "ओरिजिनल देवगड आहे का?" असं. हापूस हे आता फळ कमी आणि प्रमाणपत्र जास्त झालंय. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं: पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आम्हाला त्याचा फायदा आहे, नाही म्हणत नाही. पण विचार करा, कायद्याने एक चव पाच जिल्ह्यांना बांधली त्याच सुमारास हवामान त्या चवीला त्या पाच जिल्ह्यांतून सोडवायला लागलं होतं. रत्नागिरीतून नेलेल्या काड्यांवर वाढलेला हापूस मलावीतून नोव्हेंबरात वाशीच्या बाजारात येतो. मानांकन नावाचं रक्षण करू शकतं, थंडीचं नाही.

थोडक्यात, बाबांनी काय लावावं हे निम्मं तुम्ही ठरवताय, अक्षय्य तृतीयेच्या आधी पेटी पाहिजे म्हणणारे. शेतकऱ्याने बदलावं आणि आमचा आंबा तोच राहावा, या दोन अपेक्षा एकाच तोंडातून येतात.

यात आणखी एक गोष्ट आहे जी मला बरेच दिवस सतावते. हापूसचं प्रत्येक झाड म्हणजे एकच झाड आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात कलमं बांधायला सुरुवात केली, अफोन्सो द अल्बुकर्कचं नाव आंब्याला चिकटलं, आणि तेव्हापासून काडीवर काडी बांधत आपण तेच एक झाड चारेकशे वर्षं पुढे नेत आलोय. आवडलेली गोष्ट जशीच्या तशी पुढच्याला द्यायची, ही केवढी मोठी माया आहे. आणि तेवढाच मोठा हट्ट. कारण जशीच्या तशी गोष्ट बदलत्या काळात शिकत काही नाही. आपल्याकडे बाठ्यापासून उगवलेला आंबा म्हणजे रायवळ. प्रत्येक झाड वेगळं, एक आंबट, एक शेपूचा वास येणारा, एक नुसता रस. बाजारात किंमत नाही. पण रायवळीत दर पिढीला पत्ते नव्याने पिसले जातात, त्यातलं कुठलं झाड २०६०च्या हवेत तगेल ते आज ठरवावं लागत नाही. कुणीही न केलेलं नियोजन आहे ते.

पितृऋण आपल्याला शिकवलं जातं, ते मागच्यांचं. ते फेडायचं कसं, तर पुढच्यांना देऊन. पण काय देऊन? मला आधी वाटायचं, आंबा देऊन. आता वाटतं, आंब्यापेक्षा निवडीला जागा देऊन. भाचीच्या हातात शंभर एकसारखी, औषधावर जगणारी कलमं, आटलेली विहीर आणि कर्ज ठेवलं तर तिला ठरवायला काही उरत नाही. हे मी बाबांना मोठ्या उत्साहात सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "निवड निवड करीत बसलंस तर खड्ड्यात काय घालतलंस?"

त्यांचं बरोबर आहे, आणि हा आक्षेप मला अजून पुरता खोडता आलेला नाही. सगळे पर्याय उघडे ठेवणं ही शहरातल्या, पगार येणाऱ्या माणसाची चैन आहे. झाड लावणं म्हणजेच बाकीचे पर्याय बंद करणं. आजोबांनी सुरुंग लावून पर्याय बंद केले म्हणून माझ्यापुढे पर्याय आले. काहीच न लावता रिकामा सडा भाचीला दिला तर ते तिच्या स्वातंत्र्याचा मान ठेवणं की माझी भीती? कदाचित दोन्ही.

शेवटी आम्ही भांडत भांडत हे ठरवलं. तीन खड्ड्यांत हापूस, कारण बाबांना त्याचं अंतर्बाह्य कळतं आणि अनुभव हीसुद्धा टाकून द्यायची गोष्ट नाही. एकात रत्ना, ज्याच्या पेट्या पुण्यात मी विकायच्या, साका होत नाही हे सांगून, हापूस आहे असं न सांगता. कडेच्या दोन खड्ड्यांत, जिथून वारा येतो तिथे, रायवळीचे बाठे. "रायवळ? ता कोण खातला?" असं बाबा तीनदा म्हणाले. मी म्हटलं लोणचं घालू.

खोपीचं भांडण मोठं झालं. मला पत्रे काढून कौलं घालायची होती, फवारणी सकाळी नऊच्या आत आणि मास्क-हातमोज्यांशिवाय नाही, आणि ढगाळ वर्षी वेळापत्रकाबाहेरची फवारणी बंद. त्याने आंबा कमी येईल, हे मान्य. बाबा म्हणाले, शेजारी नाही करत, आपणच का? याचं माझ्याकडे उत्तर एवढंच होतं की शीटमधला तो कॉलम आता मला पुसता येत नाही. कौलांचे पैसे मी देणार, फवारणीचं नुकसान निम्मं निम्मं. हे फार न्याय्य आहे असा माझा दावा नाही. त्या जोडप्याला यातलं काही विचारलेलं नाही, ती दोघं ऑक्टोबरात येतील तेव्हा विचारणार आहोत. कौलांपेक्षा त्यांना पगारात वाढ हवी असेल तर शीट पुन्हा उघडावी लागेल.

कलमं लागली. बाठ्यांतला एक रुजलाय, पानं तांबूस आहेत, बाबा फोटो पाठवतात, खाली काही लिहीत नाहीत. विम्यासाठी अकरापैकी नऊ संमतीपत्रं आलीत. बडोद्याचे काका म्हणतायत, गणपतीला येतो तेव्हा बघू.